आधी सांगेल त्याचीच विमानं अडतात

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावरच्या एका बाकड्याच्या मधोमध दोन राज्यांची हद्द जाते आणि येणारे-जाणारे त्यावर बसून फोटो काढतात. २००६ सालच्या सुरुवातीला या तालुक्यातल्या पोल्ट्रींमध्ये कोंबड्या पटापट मरायला लागल्या. आधी लोक म्हणाले, मानमोडी असेल. राणीखेत रोगाला कोंबड्या पाळणारी माणसं मानमोडी म्हणतात. तो रोग ओळखीचा, त्याची लस ओळखीची, आणि त्याच्यापायी सरकार येऊन अख्खी पोल्ट्री खड्ड्यात पुरत नाही. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेचा निष्कर्ष जाहीर झाला तेव्हा कळलं, हा एच५एन१ आहे. देशातला पहिला बर्ड फ्लू. मग लाखो कोंबड्या मारल्या गेल्या, अंडी नष्ट केली गेली, आणि पुण्या-मुंबईत चिकनची दुकानं ओस पडली.

ते ‘मानमोडी असेल’ हा प्रामाणिक गैरसमज होता की सोयीचा, हे मी सांगू शकत नाही. पण सोयीचा असला तरी मला त्यात फारसं नवल वाटत नाही. ज्याच्या डोक्यावर बँकेचं कर्ज आहे आणि शेडमध्ये हजारो पक्षी आहेत, त्याने पहिली कोंबडी मेल्याबरोबर पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करावा अशी आपली अपेक्षा असते. फोन केला तर त्याचा धंदा बसतो. नाही केला तर कदाचित वाचतो. हा हिशेब करायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

मानमोडी हा शब्द कोंबड्यांपुरता नव्हता, हे आता फार कुणाला आठवत नसेल. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला आपल्या आजे-पणजांनी हेच नाव दिलं होतं. जगाने त्याला ‘स्पॅनिश फ्लू’ म्हटलं, आणि ते का म्हटलं तर महायुद्धात तटस्थ असलेल्या स्पेनच्या वर्तमानपत्रांवर सेन्सॉर नव्हता म्हणून. लढणाऱ्या देशांनी आपापले आजारी सैनिक झाकून ठेवले, स्पेनने आपल्या राजाचा ताप छापला, आणि शंभर वर्षं बदनामी स्पेनच्या गळ्यात पडली. मुंबईतही तेच भांडण झालं. जून १९१८ मध्ये गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. शहराचे आरोग्य अधिकारी टर्नर म्हणत होते की साथ जहाजाने आणली. सरकारी बाजू म्हणत होती की जहाजावरच्या लोकांना ती मुंबईतच लागली. खाटा वाढवण्याआधी हा वाद सुरू झाला असणार याबद्दल मला शंका नाही. पुढे त्या साथीत हिंदुस्थानात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात.

श्वसनमार्गाच्या विषाणूंवर जगाने नजर ठेवावी यावर आज कुणाचा वाद नाही. वाद पैशाचा आणि यंत्रांचा आहे असं सांगितलं जातं: आणखी प्रयोगशाळा हव्यात, विषाणूचा जनुकीय क्रम वाचणाऱ्या आणखी सिक्वेन्सिंग मशीन हव्यात, आता तर कृत्रिम बुद्धिमत्ताही हवी. हव्यातच. पण माझं म्हणणं असं आहे की यंत्रणेची खरी अडचण यंत्रात नाही. जो आधी सांगतो त्याचं नुकसान होतं आणि जो गप्प बसतो तो निभावून नेतो, अशी या व्यवस्थेची रचना आहे. ती तशीच ठेवून तुम्ही कितीही मशीन घेतलीत तरी त्या मशीनपर्यंत नमुना पोचणार नाही.

ही व्यवस्था काही कालची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने इन्फ्लुएंझावर पाळत ठेवणारं जाळं १९५२ मध्ये उभं केलं. योगायोग असा की पुण्यातली विषाणू संशोधन संस्थाही त्याच वर्षीची, जिला आपण आज एनआयव्ही म्हणतो. सध्या या जाळ्यात १३० च्या आसपास देशांतली दीडशेच्या आसपास राष्ट्रीय केंद्रं आहेत, आणि भारताचं राष्ट्रीय इन्फ्लुएंझा केंद्र म्हणजे ही पुण्याची संस्था. घशातले-नाकातले नमुने तपासायचे, त्यांतले निवडक विषाणू अटलांटा, लंडन, मेलबर्न, टोकियो, बीजिंग अशा मोठ्या केंद्रांकडे पाठवायचे, आणि वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, तज्ज्ञांनी बसून पुढच्या हंगामाच्या लशीत कोणते विषाणू घालायचे ते ठरवायचं. लस बनायला सहा महिने लागतात, म्हणून इतकं आधी.

हे काम किती मुकाट चालतं याचं एक उदाहरण. फ्लूच्या ‘बी’ प्रकाराची यामागाता नावाची एक शाखा मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडली नाही. कोविडच्या मास्क-टाळेबंदीत ती बहुधा संपली. दर आठवड्याला देशोदेशीचे आकडे एका ठिकाणी येत होते म्हणून हे कळलं, आणि २०२३ च्या सप्टेंबरात संघटनेने सांगितलं की लशीत आता तिची गरज नाही. एक विषाणू गेला आणि त्याची नोंद कारकुनाने खातं बंद करावं तशी झाली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असतील.

लशीत जाणाऱ्या विषाणूंना गावांची नावं असतात. ए/कॅलिफोर्निया/७/२००९, ए/डार्विन/९/२०२१. विषाणू कुठला ते नावात राहतं. लस कुणाला मिळाली ते नावात नसतं.

हा प्रश्न सगळ्यांत आधी रोखठोक विचारला तो इंडोनेशियाने. २००६ च्या अखेरीस बर्ड फ्लूने माणसं सर्वांत जास्त दगावत होती ती त्या देशात. तिथल्या रुग्णांचे विषाणू नियमाप्रमाणे जागतिक जाळ्यात जात होते. मग आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांना कळलं की एक ऑस्ट्रेलियन कंपनी इंडोनेशियाच्या विषाणूपासून लस तयार करते आहे, इंडोनेशियाला न विचारता. ती लस विकत घेण्याची ऐपत इंडोनेशियाची असणार नव्हती. त्यांनी नमुने पाठवणं बंद केलं. जगभर ओरड झाली: मानवजातीला ओलीस धरलं, विषाणूवर कसली आली मालकी?

मला विचाराल तर सुपारीबाईंचं निदान बरोबर होतं आणि औषध वाईट होतं. नमुने अडवले की पहिला फटका बसतो तो आपल्याच शेजाऱ्याला आणि आपल्याच माणसांना. पण हेही खरं की त्यांनी अडवले नसते तर कुणी ऐकलं नसतं. चार वर्षांच्या वाटाघाटींनंतर मे २०११ मध्ये एक आराखडा मंजूर झाला. नमुने सगळ्यांनी द्यायचे, आणि त्यांचा उपयोग करणाऱ्या कंपन्यांनी दरवर्षी मिळून २.८ कोटी डॉलर जाळ्याच्या कामासाठी द्यायचे, शिवाय महासाथ आली तर लशीचा ठरावीक वाटा संघटनेसाठी राखून ठेवायचा. अपुरा का होईना, न्याय होता. मात्र तो फक्त महासाथीच्या इन्फ्लुएंझापुरता. कोरोना त्याच्या कक्षेत नव्हता.

आणि कोरोना आला तेव्हा नमुन्याची कुपीही लागेनाशी झाली. ११ जानेवारी २०२० रोजी शांघायच्या प्राध्यापक झांग योंगझेन यांच्या गटाने नव्या विषाणूचा जनुकीय क्रम जगासाठी खुला केला. अमेरिकेतल्या मॉडर्ना कंपनीने दोन दिवसांत, फक्त त्या अक्षरांच्या माळेवरून, लशीचा आराखडा पक्का केला. विषाणू विमानात बसवून आणावा लागला नाही. झांग यांना काय मिळालं? दुसऱ्याच दिवशी त्यांची प्रयोगशाळा ‘सुधारणेसाठी’ बंद ठेवण्याचा आदेश. जगाने टाळ्या वाजवल्या आणि घरच्यांनी कुलूप लावलं.

आता दक्षिण आफ्रिका. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या प्रयोगशाळांना पीसीआरमध्ये एक विचित्र खूण दिसायला लागली, चाचणीतल्या एका जनुकाचा सिग्नलच येईना. त्यांनी क्रम काढला, बोट्स्वानाच्या शास्त्रज्ञांनाही तेच दिसलं, आणि २४ तारखेला त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं. २६ तारखेला त्याचं ओमायक्रॉन असं बारसं झालं. तोपर्यंत युरोपने विमानं थांबवायला सुरुवात केली होती. डिसेंबरचा महिना, पर्यटनाचा हंगाम, त्यात हे. प्रयोगशाळांना लागणारी रसायनं ज्या विमानांनी यायची तीही अडली. म्हणजे पाळत ठेवणाऱ्याच्या हातातली काठीच काढून घेतली. काही दिवसांनी नेदरलँड्सने आपले जुने नमुने पुन्हा तपासले तर त्यात १९ नोव्हेंबरचा एक निघाला. ओमायक्रॉन तिथे आधीच पोचला होता. नेदरलँड्सच्या विमानांवर बंदीची तशी लाट आली नाही.

प्रवासबंदीने थोडे दिवस मिळतात, ही बाजू मी अगदीच उडवून लावत नाही. एखाद्या सरकारला दहा दिवसांत ऑक्सिजनची सोय करायची असेल तर दहा दिवसही मोलाचे. पण ते दहा दिवस ज्याच्या खिशातून घेतले त्याला काही द्यायचं की नाही? आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००७ पासून लागू आहेत. देशाने धोक्याची घटना ओळखली की २४ तासांत कळवायचं, असं त्यात आहे. वाहतूक अडवणाऱ्या देशाने ४८ तासांत त्यामागचं आरोग्यविषयक कारण कळवायचं, हेही आहे. पहिला नियम मोडला तर जग बोंब मारतं. दुसरा मोडला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण त्याला दंड नाही.

भरपाई द्यायची कल्पना कुणाला सुचलीच नाही असं नाही. जागतिक बँकेने २०१७ मध्ये महासाथीचे रोखे काढले होते. साथ आली की गरीब देशांना पैसे मिळणार. अटी वाचल्या तर आपल्याकडच्या पीक विम्याची आठवण येते: साथ सुरू होऊन बारा आठवडे लोटले पाहिजेत, ठरावीक संख्येने माणसं मेली पाहिजेत, रोग हद्द ओलांडून दुसऱ्या देशात गेला पाहिजे. काँगोतल्या इबोलाला त्यातून विम्याचे पैसे मिळालेच नाहीत. कोविडचे सुटले ते एप्रिल २०२० मध्ये, सुमारे १९.६ कोटी डॉलर, तेही पन्नासहून अधिक देशांत वाटून. पीक पूर्ण जळाल्यावर पंचनाम्याला येणारा तलाठी बरा. लवकर सांगणाऱ्याला काही देण्याऐवजी तो विमा उशिरा मरणाऱ्याला देत होता.

आता हे सगळं ‘श्रीमंत पाश्चात्त्य विरुद्ध आपण गरीब’ असं मांडून मोकळं होता येतं, आणि आपल्याकडे ते तसं मांडलं की टाळ्याही पडतात. पण आपला हात कितपत स्वच्छ आहे? गरीब देशांना लस पुरवण्याच्या कोव्हॅक्स योजनेची मोठी भिस्त पुण्यात बनणाऱ्या लशीवर होती. मार्च २०२१ मध्ये आपली दुसरी लाट उसळली आणि निर्यात थांबली. कोव्हॅक्ससाठी ती पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉनची खबर दिली तोच महिना. एप्रिल २०२१ मध्ये ज्यांनी रेमडेसिविरसाठी रात्र-रात्र मेडिकलसमोर काढली, त्यांना मी ‘तेव्हा लशी आफ्रिकेला पाठवायला हव्या होत्या’ असं ऐकवणार नाही. एवढंच म्हणतो की संकटात प्रत्येक सरकार आधी घरचं बघतं. म्हणूनच वाटणीचा करार संकटाआधी आणि कागदावर हवा.

दुसरी गोष्ट जास्त झोंबणारी आहे, कारण ती आपल्याच घरातली. ज्याला पुढे डेल्टा म्हटलं गेलं त्याच्या कुळातला विषाणू महाराष्ट्रातल्या नमुन्यांत २०२० च्या शेवटच्या महिन्यांतच होता. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीत रुग्ण असे वाढले की तिथे पुन्हा टाळेबंदी लावावी लागली. २४ मार्चला केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं की महाराष्ट्रातल्या पंधरा ते वीस टक्के नमुन्यांत दोन ठरावीक बदल एकत्र दिसताहेत, पण वाढत्या रुग्णसंख्येशी त्यांचा थेट संबंध जोडण्याइतकी संख्या नाही. तोपर्यंत ‘डबल म्युटंट’ हा शब्द चहाच्या टपरीवर पोचला होता. देशातल्या दहा प्रयोगशाळांचं जे जाळं डिसेंबर २०२० मध्ये उभं राहिलं होतं, त्याने बाधितांपैकी पाच टक्क्यांचे नमुने तपासावेत असं ठरलं होतं. प्रत्यक्षात आकडा त्याच्या जवळपासही गेला नाही. शेकडो शास्त्रज्ञांनी सरकारकडे लेखी मागणी केली की हाती आहे ती माहिती तरी आम्हाला बघू द्या. त्या जाळ्याच्या सल्लागार गटाचे प्रमुख शाहिद जमील मे महिन्यात पद सोडून गेले. आणि त्याच मे महिन्यात सरकार समाजमाध्यम कंपन्यांना पत्र लिहून सांगत होतं की ‘इंडियन व्हेरिएंट’ म्हणणारा मजकूर काढा.

गंमत म्हणजे त्या पत्रातला मुद्दा मला पटतो. देशाच्या नावाने विषाणू ओळखला जाणं हाही एक दंडच आहे, आणि ३१ मेला संघटनेने ग्रीक अक्षरं वापरायचं ठरवलं ते योग्यच झालं. पण जो देश बाहेर म्हणतो ‘खबर देणाऱ्याला बदनाम करू नका’, त्याने आत, विदर्भातल्या एखाद्या डॉक्टरने ‘ताप वेगळा वाटतोय’ म्हटल्यावर काय केलं याचंही उत्तर द्यायला हवं. जिनिव्हात, संघटनेच्या बैठकीत, आपण इंडोनेशियाच्या बाकावर बसतो. दिल्लीत आपण युरोपच्या खुर्चीत असतो.

मे २०२५ मध्ये संघटनेच्या जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार मंजूर केला. लस, औषधं आणि चाचण्या बनवणाऱ्यांनी महासाथीत उत्पादनाचा वीस टक्के वाटा संघटनेला उपलब्ध करून द्यायचा, त्यातला निम्मा फुकट, असं त्यात लिहिलं आहे. मात्र विषाणू कुणी कसा द्यायचा आणि त्याबदल्यात काय घ्यायचं, हे ठरवणारं परिशिष्ट त्या दिवशी पुढे ढकललं गेलं. म्हणजे लग्न लागलं आणि देण्याघेण्याची बोलणी मागे राहिली. त्यातच अमेरिकेने संघटनेतून बाहेर पडण्याची नोटीस दिली, तिची वर्षभराची मुदत जानेवारी २०२६ मध्ये संपली. सर्वांत मोठा देणगीदार गेला याची चर्चा खूप झाली. मला फ्लूच्या जाळ्यातल्या, अमेरिकेतल्या अटलांटाच्या प्रयोगशाळेची जास्त काळजी वाटते. पैसा दुसरीकडून उभा राहील. सत्तर वर्षांत जमलेला शीतपेट्यांतला आणि माणसांच्या डोक्यातला साठा तसा उभा राहत नाही.

अशा वेळी आपण काय मागावं? भारताने त्या परिशिष्टात वाट्याची भाषा लावून धरली तर ठीकच आहे, पण त्याच्या जोडीने एक साधी मागणी हवी: आधी कळवणाऱ्या देशावर प्रवासबंदी घालणाऱ्याने भरपाईच्या निधीत पैसे टाकायचे, आणि ते मृतांचा आकडा न बघता, खबर आल्याच्या तारखेपासून. मोठे देश मान्य करणार नाहीत, हे मलाही कळतं. इंडोनेशियाचंही कुणी मान्य करणार नव्हतं.

घरात करायचं ते मात्र कुणाला विचारून करायचं नाही. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात येतो. श्रीनगरसारखा भाग सोडला तर देशात बहुतेक ठिकाणी जुलै ते सप्टेंबर हे त्याचे महिने, हे एनआयव्हीच्याच शास्त्रज्ञांनी देशभरच्या नमुन्यांवरून दाखवून दिलं आहे. म्हणजे पुण्यातल्या माणसाने लस घ्यायची ती एप्रिल-मेमध्ये. हे किती जणांना ठाऊक आहे? कुलाब्यात किती मिलिमीटर पडला आणि सांताक्रूझला किती, हे आपल्याला रोज सकाळी छापून मिळतं. कोयनेची पाणीपातळी मिळते, लासलगावचा कांद्याचा भाव मिळतो. या आठवड्यात आपल्या जिल्ह्यात कोणता विषाणू फिरतोय, ते मात्र खणून काढावं लागतं. रोजचा आकडा डोळ्यांखालून जात असला की वेगळा आकडा आला तर माणूस समजून घेतो. नसला की काय होतं ते जानेवारी २०२५ मध्ये दिसलं. चीनमध्ये एचएमपीव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू पसरल्याच्या बातम्या आल्या, बंगळुरूत दोन बाळांमध्ये तो सापडला, आणि दोन दिवस फोन वाजत राहिले. तो विषाणू नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्येच ओळखलेला, दर हिवाळ्यात आपल्याकडेही असणारा. नवीन होती ती फक्त बातमी.

त्याच महिन्यात नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने गेल्याचं भोपाळहून कळलं. त्याआधीच्या वर्षी कोलकात्याहून ऑस्ट्रेलियात परतलेल्या एका लहान मुलाच्या नमुन्यात एच५एन१ निघाला. मूल वाचलं. पण तो विषाणू सापडला मेलबर्नमध्ये, आणि जगाबरोबर आपल्याला कळलं तेही ऑस्ट्रेलियाकडून.

माझ्या ओळखीच्या एक ताई एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहेत. ताप, खोकला आणि दम लागून भरती झालेल्या रुग्णाचा स्वॅब त्या घेतात. नाकात काडी घातली की मोठी माणसंही डोकं मागे ओढतात, म्हणून त्या आधी त्यांना भिंतीला टेकून बसवतात. काडी गुलाबी द्रवाच्या नळीत मोडून टाकायची, झाकण आवळायचं, वर पॅराफिनची पट्टी गुंडाळायची, नाव-वय-तारीख लिहायची, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये उभी ठेवायची. जिल्ह्याची गाडी दुपारी तीनला येते. ती चुकली तर नळ्या फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवसाची वाट बघायची, आणि मधे लाइट गेली तर जीव टांगणीला. एवढं करून पाठवलेल्या नमुन्यांचं पुढे काय झालं, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘पॉझिटिव्ह असला तर वरून फोन येतो, का उशिरा पाठवला म्हणून. निगेटिव्ह असला तर काहीच येत नाही.’